स्निग्ध द्रव्यांची नावे आणि आंतरराष्ट्रीय परिषदा

तेले, चरबी, लोणी व मेण यांचा अभ्यास करणाऱ्या शास्त्रज्ञांच्या परिषदांचा इतिहास सामान्यतः शोधांच्या अनुषंगाने सांगितला जातो. परंतु या परिषदांपुढे वारंवार आलेला एक प्रश्न भाषेचा होता. द्रव्याला नाव कोणी द्यावयाचे, आणि सभेने संमत केलेले नाव व्यवहारात रुजते ते कशाच्या बळावर?

परिषदा भरू लागण्यापूर्वी नामकरण हा शोधकाचाच अधिकार मानला जाई. प्राणिज स्निग्ध पदार्थांवरील ग्रंथ १८२३ साली प्रसिद्ध करणाऱ्या शेव्रल या फ्रेंच रसायनज्ञाने वसाम्लांना दिलेली नावे अशीच आहेत. चरबीच्या ग्रीक नावावरून स्टिअरिक, तेलाच्या लॅटिन नावावरून ओलेइक. (हे लॅटिन नाव मुळात ऑलिव्हच्या तेलाचे, आपले ‘तेल’ तिळापासून निघाले, तसाच हा प्रकार.) मोत्यासारखी चकाकी पाहून तिसऱ्यास त्याने मोत्याच्या ग्रीक नावावरून मार्गारिक म्हटले. पुढे पामतेलावरून पामिटिक, जायफळावरून मिरिस्टिक ही नावे आली. शेळीच्या लॅटिन नावावरून तर काप्रोइक, काप्रिलिक व काप्रिक अशी तीन निघाली. ही नावे द्रव्याचा उगम किंवा रूप सांगतात, रचना सांगत नाहीत. त्यातील धोका एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास उघड झाला. मार्गारिक अम्ल हे स्वतंत्र द्रव्य नसून पामिटिक व स्टिअरिक अम्लांचे मिश्रण आहे, असे हाइन्ट्स याने दाखविले. द्रव्य गेले, नाव मात्र उरले. मेज-मूरिएस याने १८६९ मध्ये तयार केलेल्या कृत्रिम लोण्यास मार्गारिन हे नाव त्यावरूनच मिळाले.

एप्रिल १८९२ मध्ये नऊ युरोपीय देशांतील चौतीस रसायनज्ञ फ्रीडेल यांच्या अध्यक्षतेखाली जिनिव्हा येथे जमले, ते ही अव्यवस्था दूर करण्यासाठी. अम्लाचे नाव तितक्याच कार्बन अणूंच्या हायड्रोकार्बनावरून बनवावे, असे तेथे ठरले. या पद्धतीने अठरा कार्बनांचे स्टिअरिक अम्ल ‘ऑक्टाडेकॅनॉइक’ होते. नाव ऐकताच रचना कळावी, हा हेतू निर्विवादपणे सफल झाला. तथापि साबणाच्या कारखान्यात व प्रयोगशाळेतही स्टिअरिक हे स्टिअरिकच राहिले. रूढ शब्द केवळ अशास्त्रीय आहे एवढ्यावरून तो हटत नाही. ज्याला तो शब्द दिवसातून दहा वेळा उच्चारावयाचा असतो, त्याला तो आखूड असण्याचे मोल अधिक वाटते. पुढील नामकरण आयोगांनीही अशा अनेक रूढ नावांस मान्यता देऊन हे वास्तव स्वीकारले.

याउलट १९२३ चा निर्णय यशस्वी झाला. लेसिथिनासारख्या गुंतागुंतीच्या द्रव्यांना त्या काळी ‘लिपॉइड’ म्हणजे वसेसारखे असे म्हणत. परंतु या शब्दाची व्याप्ती लेखकागणिक बदले. १९१२ मध्ये ‘लिपिन’ हा पर्याय सुचविण्यात आला, तोही सर्वमान्य झाला नाही. मग गाब्रिएल बेर्त्राँ यांनी वसा व लिपॉइड या दोहोंना सामावून घेणारा ‘लिपिड’ हा शब्द मांडला आणि फ्रेंच जैवरसायन संस्थेच्या आंतरराष्ट्रीय आयोगाने ३ जुलै १९२३ रोजी तो एकमताने संमत केला. दोन्ही प्रसंगांतील भेद लक्षणीय आहे. जिनिव्हा येथे रुळलेल्या शब्दांवर नवे शब्द लादावयाचे होते, तर येथे एका संपूर्ण वर्गास निश्चित नावच नव्हते. मराठीत वसाम्ल व मेदाम्ल हे दोन पर्याय नांदत असताना ‘लिपिड’ मात्र जसाच्या तसा घेतला गेला, हेही येथे नमूद करावयास हवे.

सर्वांत बोधक संघर्ष अंकांचा आहे. अधिकृत पद्धतीत कार्बनांची गणना अम्लगटाच्या टोकापासून होते. त्यानुसार लिनोलेइक अम्लात द्विबंध ९ व १२ या स्थानी येतात, आणि शरीरात त्यापासून बनणाऱ्या ॲराकिडॉनिक अम्लात ५, ८, ११ व १४ या स्थानी. (नावात भुईमुगाची लॅटिन संज्ञा असली तरी भुईमुगात हे अम्ल नसते!) हे अंक पाहून दोन्ही अम्लांचे नाते कोणासही उमगणार नाही. परंतु प्राण्यांच्या शरीरात साखळी वाढते ती अम्लगटाच्या बाजूने, आणि नवे द्विबंधही त्याच बाजूस येतात; दुसरे टोक अबाधित राहते. म्हणून १९६० नंतरच्या काही वर्षांत राल्फ होल्मन यांनी त्या टोकापासून मोजण्याची ओमेगा पद्धती रूढ केली. तीनुसार दोन्ही अम्लांत पहिला द्विबंध सहाव्या कार्बनावर येतो, आणि कुळ एकच असल्याचे तत्काळ कळते. जिनिव्हाची गणना रेणूची रचना सांगते, होल्मन यांची त्याची वंशावळ. आंतरराष्ट्रीय आयोगाने ओमेगाऐवजी ‘एन्’ या अक्षराची खूण पसंत केली. माशांच्या तेलाच्या बाटलीवर मात्र आजही ‘ओमेगा-३’ असेच छापलेले आढळते.