वेल वांझ नसतो

गेल्या वर्षी श्रावणात आमच्या शेजारच्या काकू विळा घेऊनच परसात उतरल्या. लाल भोपळ्याचा वेल कुंपण ओलांडून न्हाणीघराच्या छपरावर पसरला होता. रोज सकाळी दहा-बारा पिवळीधमक फुलं उमलत; पण महिना होत आला तरी एकही भोपळा धरला नव्हता. "वांझ निघाला मेला, जागा तेवढी अडवतोय," असं म्हणत त्या वेल कापायला निघाल्या. मी म्हटलं, "काकू, आठ दिवस थांबा. आधी फुलं बघू."

मंडळी, अशी तक्रार घरोघरी ऐकू येते. भोपळा, काकडी, दुधी, दोडका, कारलं ही सगळी एकाच कुळातली. यांच्या एकाच वेलावर सहसा दोन प्रकारची फुलं येतात. नर फूल नुसत्या बारीक देठावर असतं. मादी फुलाच्या खाली मात्र इवलंसं फळ आधीपासूनच दिसतं. भोपळ्याला सुपारीएवढा गोळा, काकडीला बोटाच्या पेराएवढी काकडी. सुरुवातीचे दहा-पंधरा दिवस बहुधा नर फुलंच येतात. कडक उन्हाळ्यात तर त्यांचाच भरणा असतो. तो वेलाचा दोष नव्हे, रीत आहे. तेव्हा धीर धरावा.

काकूंच्या वेलावर मात्र मादी फुलंही होती. त्यांच्याखालचे गोळे दोन-तीन दिवसांत पिवळे पडून गळत होते. याचा अर्थ, नर फुलातले परागकण मादी फुलापर्यंत पोचतच नव्हते. हे परागकण जड आणि चिकट असतात. ते वाऱ्यावर उडत नाहीत, मधमाशीनेच न्यावे लागतात. त्यातून भोपळ्याचं फूल पहाटे उमलतं आणि ऊन चढलं की कायमचं मिटतं. संधी काय ती एका सकाळची. झडीच्या पावसात माशी बाहेर पडत नाही. आणि काकू तर तांबड्या भुंगेऱ्यांसाठी दर चार दिवसांनी, भल्या सकाळी, फुलांवर औषध फवारत होत्या! भुंगेऱ्यांबरोबर माश्याही गेल्या.

फवारणी थांबवली आणि माशीचं काम आम्हीच केलं. आपल्यालाही सहज जमेल. सकाळी सात-आठच्या आत ताजं उमललेलं नर फूल देठासकट तोडा. पाकळ्या काढून टाका. मधला, पिवळ्या भुकटीने माखलेला दांडा मादी फुलाच्या मधल्या चिकट भागावर सगळीकडून हलकेच फिरवा. एक नर फूल दोन-तीन मादी फुलांना पुरतं. पाऊस असेल तर मादी फुलावर दिवसभर कागदी पिशवी घाला. चार-पाच दिवसांत गोळा फुगू लागला, की काम झालं. दुधी आणि दोडक्याची फुलं मात्र संध्याकाळी उमलतात. त्यांच्यासाठी दिवेलागणीची वेळ धरा. उरलेल्या नर फुलांची भजी छान होतात. पण काही वेलावर राहू द्या.

पानंच पानं आणि फुलं तुरळक, असं असेल तर युरिया जास्त झाला असेल किंवा ऊन कमी पडत असेल. युरिया बंद करा. वेलाला निदान सहा तास ऊन हवं. फळ धरून, थोडं वाढून सडत असेल तर ते कापून पाहा. आत अळ्या दिसल्या तर तो फळमाशीचा उपद्रव. अशी फळं उकिरड्यावर टाकू नका, खोल पुरा.

कर्टोलीचं गणित मात्र वेगळं. तिचे नर आणि मादी वेलच स्वतंत्र असतात. एकट्या वेलाला जन्मभर खतपाणी घातलं तरी फळ धरणार नाही. जवळपास जोडीदार लावायलाच हवा.

दिवाळीच्या सुमारास काकूंनी घारग्यांचा डबा पाठवला. वेलाला चार भोपळे लागले होते. डबा परत द्यायला गेलो तेव्हा त्या म्हणाल्या, "दोष माझ्या फवारणीचा, आणि नाव ठेवलं मी त्या बिचाऱ्या वेलाला." विळा खुंटीवर होता आणि वेल छपरावर.