फोटोत छप्पर दिसतं, भिंत दिसत नाही

सात-बारा म्हटलं की आपल्याकडे शेंबड्या पोरालाही कळतं. पण मैत्रिणींनो, गावातल्या राहत्या घराचा सात-बारा कधी पाहिलाय का? नसणारच! इंग्रजांच्या काळात शेतं साखळीनं मोजली गेली, त्यांना सर्व्हे नंबर पडले. घरं जिथं दाटीवाटीनं उभी असतात ते गावठाण मात्र बहुतेक ठिकाणी एकच तुकडा म्हणून तसंच सोडलं गेलं. मोठ्या गावांची मोजणी पुढे झाली, लहान गावं राहिली ती राहिलीच. तिथं घराचा कागद म्हणजे ग्रामपंचायतीचा नमुना ८. तो घरपट्टी आकारण्यासाठी असतो, मालकीचा पुरावा म्हणून नाही. तो घेऊन कर्ज मागायला जा, साहेब नुसती मान हलवतात.

हे काम आता आभाळातून होतंय. आपल्या राज्यात ड्रोनच्या मोजणीची सुरुवात पुरंदर तालुक्यातल्या सोनोरी गावातून झाली. मग २४ एप्रिल २०२० रोजी केंद्र सरकारनं ‘स्वामित्व’ योजना जाहीर केली. त्याच वर्षी ११ ऑक्टोबरला ७६३ गावांतल्या लोकांना पहिली प्रॉपर्टी कार्डं मिळाली, त्यात महाराष्ट्रातली १०० गावं होती.

माझ्या माहेरी ड्रोन आला तेव्हा मी नेमकी तिथंच होते. आदल्या दिवशी दवंडी पिटली होती, ‘आपापल्या घराच्या हद्दीवर चुन्याची फक्की मारून ठेवा.’ दुसऱ्या दिवशी सगळं गाव रांगोळी घातल्यासारखं पांढऱ्या रेघांनी भरलेलं! ड्रोन वर घरघरत सरळ रेषेत जायचा, वळून परत यायचा. शेतात पाभर फिरते ना, अगदी तस्सा. पोरं खाली धावतायत, कोंबड्या घाबरून टोपलीखाली.

मला वाटलं होतं, एक मोठा फोटो काढला की झाला नकाशा. मोजणीवाल्या मुलानं समजावून सांगितलं, तसं नसतं बरं का! फोटो कॅमेऱ्याच्या बरोबर खाली सरळ दिसतो, कडेला सगळं कललेलं दिसतं. पाण्याची टाकी, नारळाचं झाड बाहेरच्या बाजूला झुकल्यासारखं येतं. म्हणून शेकडो फोटो काढतात आणि प्रत्येक फोटोचा अर्ध्याहून जास्त भाग शेजारच्या फोटोवर येईल असे काढतात. एकच ओटा चार-पाच फोटोंत, वेगवेगळ्या बाजूनं. त्यावरून कॉम्प्युटर उंच-सखल काढतो, कललेलं सरळ करतो आणि सगळे तुकडे एकत्र बसवतो. जमिनीवर आधीच अचूक मोजून खुणा केलेल्या असतात, त्यांच्याशी ताळा घेतात. गोधडीच म्हणा ना! फक्त ही गोधडी कुठूनही मोजली तरी माप चुकता कामा नये. असा नकाशा १:५०० या प्रमाणात निघतो, म्हणजे कागदावरचा एक सेंटिमीटर हा गावातला पाच मीटर.

इतकं बारीक दिसत असूनही कॅमेऱ्याला छपराखालचं दिसत नाही. आमच्या धाकट्या काकूचं घोडं इथंच अडलं.

काका जाऊन बरीच वर्षं झाली. दोन मुली, दोघी सासरी. काकूचं घर आणि दिरांचं घर यांच्यामध्ये जाडजूड मातीची भिंत आहे, पण वर पत्रा सलग. फक्की मारायच्या दिवशी दीर म्हणाले, “वहिनी, वर एकच छप्पर, मधे कशाला रेघ हवी? घरातल्या घरात हद्दी कसल्या!” काकू गप्प राहिली. कच्चा नकाशा आला तेव्हा दोन्ही घरं मिळून एकच चौकट, एकच नंबर.

पण नकाशा आभाळातून आला तरी तो पक्का जमिनीवरच होतो. भूमापक तो छापील कागद घेऊन दारोदार फिरतो, हद्दी दाखवायला सांगतो, हरकती लिहून घेतो. त्या दिवशी काकू पदर खोचून उंबऱ्यात उभी होती! त्याला हाताला धरून आत नेल्यासारखंच नेलं तिनं. भिंत दाखवली, वेगळी चूल दाखवली, विजेचा वेगळा मीटर दाखवला. पत्र्याच्या डब्यातून काकांच्या वेळेपासूनच्या घरपट्टीच्या पावत्या काढल्या, वर्षावार दोऱ्यात ओवलेल्या. दीर म्हणाले, “अहो, तिला काय कळतं त्यातलं?” भूमापकानं वर न बघता विचारलं, “पावत्या कोणाच्या नावच्या?” फीत लावून भिंत मोजली आणि नकाशावर रेघ ओढली.

मग नावाचा प्रश्न. काकांचं नाव नमुना ८ वर तसंच होतं. दिरांचं म्हणणं, माझ्या मुलाचं घाला, तोच बघतो ना सगळं. खरं सांगू, बघतो म्हणजे काय, तर सणाला एकदा नारळ घेऊन येतो! चौकशीच्या दिवशी काकूनं दोन्ही मुलींना बोलावून घेतलं. मृत्यूचा दाखला, वारसांची कागदपत्रं, सगळं होतं. कार्डावर तीन नावं लागली, काकूचं आणि लेकींची.

तुमच्या गावात मोजणी व्हायची असेल तर फक्की मारताना आपण स्वतः हजर राहायचं, सलग छपराखाली भिंत असेल तर ती आवर्जून सांगायची. कच्चा नकाशा आपल्या डोळ्यांनी बघायचा आणि हरकत तोंडी न ठेवता लेखी द्यायची. नवरा-बायको दोघांच्या नावे घर लावायचं ‘घर दोघांचे’ हे धोरण आपल्याकडे २००३ पासूनचं आहे. त्यामुळे नमुना ८ वर आपलं नाव आहे का, हे चौकशीच्या आधीच ग्रामपंचायतीत जाऊन बघून या. कॅमेऱ्याला घर दिसतं. ते कोणाचं, हे तो खालच्या कागदांवरून आणि माणसांच्या तोंडूनच शिकतो.

काकूच्या कार्डाची झेरॉक्स दोन्ही मुलींनी सासरी नेली. दीर महिनाभर बोलत नव्हते, आता पुन्हा सकाळच्या चहाला येतात. फक्त मागच्या पागोळीचं पाणी कोणाच्या अंगणात पडायचं, यावरून दोघांची हुज्जत अजून चालू आहे.