'नेबो' आणि नभ
आद्य-स्लाव्हिक भाषेचा लेखी पुरावा नाही. तिचे शब्द तुलनेतून उभे करावे लागतात. आकाशवाचक 'नेबो' हा त्यांपैकीच एक. त्याची षष्ठी 'नेबेसे', अनेकवचन 'नेबेसा': प्रथमेच्या एकवचनात लपलेला 'स' इतर रूपांत प्रकटतो. संस्कृत 'नभस्'ची षष्ठीही 'नभसः'. मग हा शब्द संस्कृतातून उसना गेला का? तसे असते, तर त्यात 'अ'चा माग उरला असता. पण स्लाव्हिकमध्ये, ढग या अर्थाच्या ग्रीक 'नेफोस'प्रमाणेच, मूळचा 'ए' टिकला आहे. आजच्या रशियन षष्ठीत, 'नेबा'मध्ये, 'स' नाही हे खरे. परंतु ९व्या शतकात लेखनात आलेल्या जुन्या चर्च स्लाव्होनिकमध्ये 'नेबेसे' आहे आणि रशियन अनेकवचन आजही 'नेबेसा'च. म्हणून हे ऋण नव्हे, एकाच भाषाकुळाचा वारसा आहे.