इगतपुरी ते वाशीम : रस्त्याने दिसणारा महाराष्ट्राचा छेद

मुंबई आणि नागपूर यांना जोडणाऱ्या 701 किलोमीटर लांबीच्या समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा अखेरचा टप्पा 5 जून 2025 रोजी खुला झाला आणि सुट्टीत ठाण्या-मुंबईहून वाशीमकडे गावी निघणाऱ्या कुटुंबांना सह्याद्री, त्यामागचा अवर्षणप्रवण पट्टा आणि वऱ्हाडचे पठार एकाच दिवसात ओलांडणे सोपे झाले. वाचलेल्या तासांचे कौतुक सगळेच करतात. भूविज्ञानाच्या दृष्टीने मात्र हा प्रवास म्हणजे महाराष्ट्राचा पश्चिम-पूर्व छेद आहे.

अरबी समुद्रावरून येणारी बाष्पयुक्त हवा सह्याद्रीला अडून वर चढते, वर दाब कमी असल्याने ती प्रसरण पावून थंड होते आणि बाष्पाचे पाणी होऊन इगतपुरीस वर्षाला 3,000 मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो. घाटमाथा ओलांडलेल्या हवेत ओलावा कमी उरतो व खाली उतरताना ती तापते, म्हणून कोपरगाव-वैजापूरच्या पट्ट्यात जेमतेम 500 मिलिमीटरांच्या आसपास पाऊस होतो. यालाच पर्जन्यछाया म्हणतात. पुढे पूर्वेकडे पाऊस पुन्हा वाढू लागतो, कारण बंगालच्या उपसागरात निर्माण होऊन वायव्येकडे सरकणारे कमी दाबाचे पट्टे विदर्भाला पाणी देतात.

खडकाचा क्रम याहून जुना आहे. सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वी जमिनीला पडलेल्या भेगांतून वारंवार उसळलेल्या लाव्ह्याचे थर एकावर एक साचून दख्खनचे पठार बनले; पश्चिमेस त्यांची जाडी दोन किलोमीटरांच्या घरात असून पूर्वेकडे ती घटत जाते आणि नागपूरच्या आसपास हा खडक संपतो. प्रत्येक थराचा मधला भाग घट्ट, तर वरचा भाग वायूच्या बुडबुड्यांमुळे सच्छिद्र असतो, आणि दोन्हींची झीज सारख्या वेगाने होत नसल्याने डोंगरांना पायऱ्या पडतात. रस्त्यासाठी कापलेल्या टेकडीच्या उभ्या कडेला मध्येच लाल मातीचा पट्टा दिसला, तर तो दोन उद्रेकांमधील उसंतीची खूण समजावी. त्या काळात झिजून माती झालेल्या पृष्ठभागावर पुढचा तप्त लाव्हा पसरला. जवळच काळ्या खडकाचे गोटे कांद्याच्या पापुद्र्यांसारखे सुटत असतात, कारण भेगांतून शिरणारे पाणी ठोकळ्यांचे कोपरे आधी कुजवते.

वाशीम जिल्ह्यात, मालेगाव ते कारंजा या पट्ट्यात, महामार्ग ज्या भूभागावरून जातो तो दिसायला अगदीच साधा, सोयाबीन आणि तुरीचा. तरीही या प्रवासातील सर्वांत विलक्षण भाग हाच होय. येथे जलविभाजक आहे, म्हणजे ज्या उंचवट्याच्या दोन बाजूंचे पाणी वेगवेगळ्या खोऱ्यांत जाते ती रेषा. काटेपूर्णेचे पाणी उत्तरेस पूर्णेत, तेथून तापीत आणि शेवटी अरबी समुद्रात जाते. अडाण आणि अरुणावतीचे पाणी पैनगंगा, वर्धा, प्राणहिता व गोदावरी अशा वाटेने बंगालच्या उपसागरास मिळते. ही रेषा एखाद्या सुळक्यासारखी उठून दिसत नाही, शेताच्या बांधाइतकाही चढ जाणवत नाही. वाशीम शहर समुद्रसपाटीपासून सुमारे साडेपाचशे मीटर उंचीवर, तर अकोला 300 मीटरांच्या आत असल्याने उत्तरेकडील ओढ्यांना तीव्र उतार मिळतो, त्यांची उगमाकडची झीज अधिक वेगाने होते आणि अशा ठिकाणी जलविभाजक लाखो वर्षांत हळूहळू मंद उताराच्या बाजूला सरकत जातो.

ताशी 120 किलोमीटर वेगाने जाणाऱ्या मोटारीतून यांतील फारच थोडे दिसते, आणि द्रुतगती मार्गावर गाडी थांबवून खडक न्याहाळणे धोक्याचे असून नियमबाह्यही आहे. त्यासाठी मालेगावला महामार्ग सोडावा आणि मेडशीवरून पातूरकडे उतरणारा जुना अकोला रस्ता धरावा. वाशीमचे पठार संपून पूर्णेचे खोरे कोठे सुरू होते, ते या घाटात डोळ्यांनी पाहता येते, आणि त्यासाठी पावसाळा सरल्यानंतरचे महिने सर्वांत योग्य.