दुरुस्त झालेल्या गाडीची उतरलेली किंमत

अपघातात सापडलेली मोटार कार्यशाळेतून परत येते तेव्हा ती बहुधा पूर्वीसारखीच दिसते. चेपलेला दरवाजा बदललेला असतो, रंगाची छटा जुळलेली असते आणि विमा कंपनीने बिलाचा मोठा भाग चुकता केलेला असतो. प्रकरण मिटले, असे मालकाला वाटते. पुढे एक-दोन वर्षांनी तो गाडी विकायला काढतो, तेव्हा गिऱ्हाईक पहिलाच प्रश्न विचारते, "गाडी कुठे ठोकलेली आहे का?" प्रामाणिक उत्तर दिले, की बोलीचा आकडा लगेच खाली येतो. दुरुस्ती कितीही उत्तम झालेली असली तरी बाजार अपघात विसरत नाही. चूक दुसऱ्याची असेल, तर ही घट आपण का सोसावी? आणि सोसायची नसेल, तर ती कोणाकडे व कशी मागावी? वाहनकर्ज घेणाऱ्या व फेडणाऱ्या आपल्या ग्राहकांना उपयोगी पडावी म्हणून या विषयाची माहिती येथे देत आहोत.

तीन वेगवेगळ्या घटी

या विषयातील बराचसा गोंधळ 'घसारा' या एकाच शब्दाने तीन निरनिराळ्या गोष्टी ओळखल्या जात असल्यामुळे होतो.

पहिली घट वयाची. गाडी जुनी होते तसे तिचे विमित घोषित मूल्य, म्हणजे पॉलिसीवर 'आयडीव्ही' म्हणून छापलेली रक्कम, उतरत जाते. ठरलेल्या कोष्टकानुसार सूची-किमतीतून पहिल्या सहा महिन्यांसाठी ५ टक्के, वर्ष पूर्ण होईपर्यंत १५ टक्के, दुसऱ्या वर्षी २० टक्के, तिसऱ्या वर्षी ३० टक्के, चौथ्या वर्षी ४० टक्के आणि पाचव्या वर्षी ५० टक्के वजा केले जातात. अपघात होवो वा न होवो, ही घट प्रत्येकाच्या वाट्याला येतेच.

दुसरी घट सुट्या भागांची. जुना भाग काढून नवा बसवला, की नव्या-जुन्यातील फरक मालकाने सोसावा, असे विमाकरार म्हणतो. रबर, नायलॉन व प्लॅस्टिकचे भाग, टायर, ट्यूब आणि बॅटरी यांवर ५० टक्के, फायबर ग्लासच्या भागांवर ३० टक्के, तर काचेवर काहीही कपात होत नाही. धातूच्या भागांची कपात गाडीच्या वयानुसार वाढते : सहा महिन्यांपर्यंत शून्य, दुसऱ्या वर्षी १० टक्के, तिसऱ्या वर्षी १५ टक्के आणि दहा वर्षांनंतर ५० टक्के.

तिसरी घट अपघाताच्या इतिहासाची. त्याच वयाच्या, तितक्याच धावलेल्या, पण कधीही न ठोकलेल्या गाडीला जी किंमत येते, तिच्यातून दुरुस्त केलेल्या गाडीला येणारी किंमत वजा केली की ही घट मिळते. प्रस्तुत लेखाचा विषय ही तिसरी घट आहे.

हिशेब मांडून पाहू

समजा, एक मोटार तिसऱ्या वर्षात आहे, ४०,००० किलोमीटर धावली आहे आणि अपघातापूर्वी तिला बाजारात ६,५०,००० रुपये आले असते. मागून आलेल्या वाहनाने तिला धडक दिली आणि दुरुस्तीचे बिल १,६०,००० रुपये झाले. त्यात धातूचे भाग ७०,००० रुपयांचे, प्लॅस्टिक-रबराचे भाग ४०,००० रुपयांचे, काच १५,००० रुपयांची आणि मजुरी ३५,००० रुपयांची आहे. सोयीसाठी रंगकाम व करांचे बारकावे बाजूला ठेवू. धातूवर १५ टक्क्यांनी १०,५०० रुपये आणि प्लॅस्टिक-रबरावर ५० टक्क्यांनी २०,००० रुपये कपात होईल. लहान मोटारीसाठी असलेली १,००० रुपयांची सक्तीची वजावट धरली, तर मालकाच्या खिशातून ३१,५०० रुपये जातील आणि विमा कंपनी १,२८,५०० रुपये देईल.

आता ही दुरुस्त गाडी जुन्या मोटारींच्या तीन व्यापाऱ्यांना दाखवली आणि त्यांच्या बोलींची सरासरी ५,७०,००० रुपये आली, असे धरू. म्हणजे आणखी ८०,००० रुपयांची घट. मालकाचे खरे नुकसान ३१,५०० रुपयांचे नसून १,११,५०० रुपयांचे आहे. शिवाय दावा केल्यामुळे 'नो क्लेम बोनस' गेला तो निराळाच. दोन दावारहित वर्षांनंतर मिळणारी २५ टक्क्यांची सूट शून्यावर येते आणि पुन्हा २० टक्क्यांपासून सुरुवात करावी लागते.

स्वतःची विमा कंपनी काय देते

१ जुलै २००२ पासून लागू झालेल्या 'इंडिया मोटर टॅरिफ'मधील पॉलिसीच्या मसुद्यात परिणामस्वरूप होणारे नुकसान, घसारा, झीज आणि यांत्रिक वा विद्युत बिघाड यांची जबाबदारी कंपनीवर नाही, असे स्पष्ट लिहिले आहे. १ जानेवारी २००७ पासून स्वतःच्या वाहनाच्या नुकसानीचे विमादर खुले झाले, तरी हा गाभा तसाच राहिला. त्यामुळे विक्रीमूल्यातील घट स्वतःच्या पॉलिसीतून मागता येत नाही. कंपनीने ती नाकारली तर विमा लोकपालांकडे जाऊनही फारसे साध्य होत नाही, कारण ती जोखीम करारात मुळात घेतलेलीच नसते.

जादा हप्ता भरून मिळणाऱ्या संरक्षणांविषयीही गैरसमज आढळतो. 'झिरो डेप्रिसिएशन' या जोडसंरक्षणाने वरील दुसरी घट भरून निघते, म्हणजे आपल्या उदाहरणातील ३०,५०० रुपये वाचतात. 'रिटर्न टू इनव्हॉइस' हे संरक्षण गाडी चोरीस गेली किंवा पूर्णतः निकामी ठरली तरच कामास येते. दुरुस्तीचा खर्च विमित घोषित मूल्याच्या ७५ टक्क्यांहून अधिक होत असेल, तर गाडी निकामी मानली जाते. दुरुस्त होऊन रस्त्यावर आलेल्या गाडीची उतरलेली किंमत या दोहोंपैकी एकही संरक्षण देत नाही.

ज्याची चूक, त्याच्याकडे मागणी

मार्ग आहे तो चूक करणाऱ्या वाहनाच्या चालकाकडे, मालकाकडे आणि त्याच्या विमा कंपनीकडे मागणी करण्याचा. मोटार वाहन कायदा, १९८८ मधील कलम १६५ नुसार मोटार अपघात दावा न्यायाधिकरणाला मृत्यू व शारीरिक इजा यांबरोबरच त्रयस्थ व्यक्तीच्या मालमत्तेच्या नुकसानीचे दावेही ऐकता येतात. आपली गाडी ही समोरच्याच्या पॉलिसीच्या दृष्टीने 'त्रयस्थाची मालमत्ता' होय. कलम १६८ न्यायाधिकरणाला न्याय्य वाटेल ती भरपाई ठरवण्याचा अधिकार देते. नुकसान झालेल्यास शक्य तितके पूर्वस्थितीला आणावे हे भरपाईचे तत्त्व आहे आणि विक्रीमूल्यातील घटीची मागणी त्याच तत्त्वावर उभी राहते. मात्र तिच्यासाठी कायद्यात कोणतेही सूत्र वा कोष्टक नाही. सिद्ध कराल तेवढेच मिळेल, अशी स्थिती आहे.

दाव्यापूर्वी चार गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. पहिली, समोरच्याची निष्काळजी सिद्ध करावी लागते. चूक न पाहता मिळणारी भरपाई केवळ मृत्यू व गंभीर इजेसाठी आहे. आपलीही काही चूक असेल, तर भरपाई त्या प्रमाणात कमी होते. दुसरी, धडक देऊन पळून गेलेल्या वाहनाचा पत्ता लागला नाही, तर मालमत्तेच्या नुकसानीसाठी शासकीय योजनेतून काही मिळत नाही. तिसरी, प्रचलित पॉलिसींत त्रयस्थाच्या मालमत्तेसाठी खाजगी मोटारीच्या बाबतीत साधारणतः साडेसात लाख रुपयांची आणि दुचाकीच्या बाबतीत एक लाख रुपयांची मर्यादा असते. हप्ता वाचवण्यासाठी ती सहा हजारांवर आणून ठेवलेल्या पॉलिसीही आढळतात. मर्यादेपलीकडची रक्कम त्या वाहनाच्या मालकाकडूनच वसूल करावी लागते. चौथी, कायद्यातील २०१९ च्या दुरुस्तीने दाव्यासाठी अपघातापासून सहा महिन्यांची मुदत घातली आणि ती १ एप्रिल २०२२ पासून लागू झाली. या मुदतीविषयी न्यायालयांत वाद झाले असले, तरी सहा महिन्यांच्या आत अर्ज करणे हेच शहाणपणाचे.

बदलीच्या नोकरीत असणाऱ्यांना दिलासा देणारी एक तरतूद आहे. अर्ज अपघात झाला त्याच ठिकाणी करावा लागतो असे नाही. अर्जदार राहतो वा व्यवसाय करतो तेथील, अथवा प्रतिवादी राहतो तेथील न्यायाधिकरणाकडेही तो करता येतो. नागपूरच्या ग्राहकाच्या गाडीला हैदराबादेत धडक बसली, तरी त्याला नागपूरला दाद मागता येते.

एकाच नुकसानीची भरपाई दोनदा मात्र मिळत नाही. आपल्या कंपनीने दिलेले १,२८,५०० रुपये पुन्हा मागता येणार नाहीत. ती रक्कम दोषी पक्षाकडून वसूल करण्याचा हक्क कंपनीकडे जातो. मागायचे ते न मिळालेले : कपात, सक्तीची वजावट आणि विक्रीमूल्यातील घट. तडजोड करताना 'संपूर्ण व अंतिम भरपाई मिळाली' असे लिहिलेल्या कागदावर सही करण्याआधी हा फरक लक्षात घ्यावा. समोरच्याने जागेवर दहा-वीस हजार देऊन असा कागद लिहून घेतला, तर पुढची वाट फार अवघड होते.

परदेशांतील रीत

ही कल्पना अन्य देशांत चांगली रुळलेली आहे. जर्मनीत तिला 'मर्कांटिलर मिंडरवेर्ट', म्हणजे व्यापारी मूल्यऱ्हास, असे स्वतंत्र नाव असून दोषी पक्षाची विमा कंपनी तो तज्ज्ञाच्या अहवालावरून देते. गाडी फार जुनी असेल, तर मात्र ती मागणी टिकत नाही. सोळा वर्षांच्या एका मोटारीबाबत तेथील सर्वोच्च न्यायालयाने २००४ मध्ये ती फेटाळली. इंग्लंडमधील अपील न्यायालयाने १९७४ मध्ये तत्त्व मान्य केले, पण त्या प्रकरणातील पुरावा अपुरा म्हणून भरपाई नाकारली. आपल्यासाठी हा निकाल विशेष बोलका आहे.

अमेरिकेतील जॉर्जिया राज्यात २००१ च्या एका निकालाने तर स्वतःच्या विमा कंपनीलाही ही घट तपासणे भाग पाडले. त्यानंतर तेथे एक सूत्र प्रचारात आले. गाडीच्या किमतीचे १० टक्के ही कमाल मर्यादा धरायची, तिला नुकसानीच्या तीव्रतेने आणि मग धावलेल्या अंतराच्या गुणकाने गुणायचे. आपल्या उदाहरणात १० टक्के म्हणजे ६५,००० रुपये. मध्यम नुकसानीचा गुणक ०.५० आणि सुमारे २५,००० मैलांचा गुणक ०.८० धरल्यास उत्तर येते २६,००० रुपये. बाजारातील प्रत्यक्ष घट होती ८०,००० रुपये. सूत्र सोपे असते, पण ते बाजारभावाची जागा घेऊ शकत नाही, अशी टीका त्यावर तेथेही होते. म्हणून प्रत्यक्ष बोलींचा पुरावा जमवणे श्रेयस्कर.

पुरावा कसा उभा करावा

अपघातानंतर लगेच, वाहने हलवण्यापूर्वी, सर्व बाजूंनी छायाचित्रे घ्यावीत. पोलीस ठाण्यात नोंद करून तिची प्रत घ्यावी आणि समोरच्या वाहनाचा क्रमांक व विमा तपशील टिपून ठेवावा. विमा सर्वेक्षकाच्या अहवालाची प्रत मागून घ्यावी. कार्यशाळेचे बिल भागवार असावे. कोणते भाग बदलले, कोणते ठोकून सरळ केले आणि चासीला इजा झाली होती की नाही, हे त्यातून कळले पाहिजे. नुसता बंपर बदललेल्या गाडीची किंमत फारशी उतरत नाही, चासी ओढून सरळ केलेल्या गाडीची मात्र चांगलीच उतरते.

पुढचा टप्पा मूल्यांकनाचा. दुरुस्तीनंतर किमान दोन-तीन व्यापाऱ्यांकडून लेखी बोली घ्याव्यात आणि त्याच वर्षाच्या, त्याच प्रकारच्या, न ठोकलेल्या गाडीचा भावही त्यांच्याकडूनच लेखी घ्यावा. स्वतंत्र मूल्यनिर्धारकाचा अहवाल जोडल्यास मागणीला बळ येते, कारण तो प्रसंगी साक्ष देऊ शकतो. पूर्वीच्या सर्व्हिसिंगच्या पावत्या अपघातापूर्वीची गाडीची उत्तम स्थिती सिद्ध करतात. घट थोडी आणि गाडी जुनी असेल, तर वकिलाची फी व हेलपाटे यांचा हिशेब आधी करावा. नव्या, महाग गाडीला मोठी इजा झाली असेल, तर पाठपुरावा करण्यात अर्थ आहे.

विकताना खरे सांगावे काय?

घट टाळण्याचा एक सोपा उपाय पुष्कळांना सुचतो, तो म्हणजे अपघात लपवण्याचा. भारतीय करार कायदा, १८७२ च्या कलम १७ मध्ये याविषयी घोड्याची दोन उदाहरणे आहेत. सदोष घोडा विकणारा गप्प राहिला, तर केवळ त्या मौनाला कपट म्हणता येत नाही. पण खरेदीदार म्हणाला, की 'तुम्ही नाही म्हणाला नाहीत, तर घोडा निर्दोष आहे असे मी समजेन', आणि विक्रेता तरीही गप्प राहिला, तर ते मौन बोलण्याइतकेच ठरते. घोड्याच्या जागी मोटार आली, कायदा तोच आहे. विचारल्यावर खोटे सांगणाऱ्याला व्यवहार मोडण्याची व भरपाई देण्याची वेळ येऊ शकते. दुसरे म्हणजे, अपघात लपवून पूर्ण किंमत घेतली, तर किंमत उतरली असे न्यायाधिकरणापुढे कोणत्या तोंडाने सांगणार? बिले दाखवून, दुरुस्ती समजावून सांगून केलेला व्यवहार दोघांनाही सुखाचा होतो.

गाडीवर कर्ज असेल तर

बँकेच्या नावे तारण असलेल्या गाडीच्या पॉलिसीवर तारणाची नोंद असते. ती 'आय.एम.टी. ७' या शेऱ्याने होते. गाडी निकामी ठरल्यास विम्याची रक्कम प्रथम कर्जखात्यात येते आणि कर्जाची बाकी तिच्याहून अधिक असेल, तर उरलेली रक्कम कर्जदारालाच फेडावी लागते. नवी गाडी अल्प अग्रिम भरून, दीर्घ मुदतीवर घेतली असेल, तर पहिल्या दोन-तीन वर्षांत असा प्रसंग ओढवू शकतो. अपघातग्रस्त गाडी विकून कर्ज फेडण्याचा विचार असेल, तर उतरलेल्या किमतीचा अंदाज घेऊनच शाखेशी बोलावे. कर्ज फिटल्यावर ना-हरकत पत्र व नमुना ३५ घेऊन तारणाची नोंद रद्द करावी आणि विक्रीच्या वेळी नमुना २९ व ३० भरून नोंदणी खरेदीदाराच्या नावे झाल्याची खात्री करून घ्यावी.

विमा हा दुरुस्तीचा खर्च भागवण्याचा करार आहे, गाडीच्या बाजारभावाची हमी नव्हे. ही मर्यादा ओळखून अपघाताच्या दिवसापासून कागद नीट ठेवणाऱ्या मालकालाच उरलेले नुकसान मागण्याची संधी मिळते. गाडीच्या कागदांच्या फाइलीत पॉलिसी, पावत्या आणि छायाचित्रे एकत्र असावीत. ती फाइल जपायला काही खर्च येत नाही, आणि एखाद्या दिवशी ८०,००० रुपयांचा प्रश्न तिच्यावरच ठरू शकतो.