आमच्या कढईतील तेल

अन्नदानाच्या दिवशी तांदूळ कोणता, डाळ शिजली कशी, याची चौकशी सभासद आवर्जून करतात. तेलाची विचारपूस मात्र क्वचितच होते. डबा आला, फोडला, कढईत ओतला, की झाले. भांडाराची खरेदी आमच्याकडे असल्याने याविषयी चार शब्द लिहीत आहोत.

आमच्या वडीलधाऱ्यांच्या काळी आदिलाबाद-चांद्याकडे तीळ, जवस, भुईमूग यांचे घाण्याचे तेल असे व तेली ओळखीचा असे. आज देशास लागणाऱ्या खाद्यतेलापैकी निम्म्याहून अधिक परदेशातून येते. पामतेल इंडोनेशिया व मलेशियातून, सोयाबीनचे अर्जेंटिना-ब्राझीलमधून, सूर्यफुलाचे मुख्यत्वे रशिया व युक्रेनमधून. 2022 साली युक्रेनमध्ये युद्ध पेटले, आणि एप्रिलअखेर इंडोनेशियाने काही आठवडे पामतेलाची निर्यात थांबविली. तेव्हा बेल्लमपल्लीसारख्या कोळशाच्या गावातही वरणाची फोडणी महागली.

बराचसा माल कच्च्या तेलाच्या रूपाने जहाजाच्या टाक्यांतून काकिनाडा, कृष्णपट्टणम अशा बंदरांवर उतरतो. आयात करणाऱ्यास अन्न सुरक्षा प्राधिकरणाचा केंद्रीय परवाना लागतो. बंदरावर कागदपत्रे पाहतात, नमुने प्रयोगशाळेत जातात, 'ना हरकत' मिळाल्यावर माल सुटतो. मग शुद्धीकरण, भरणा व सीलबंद डबा. येथवर पहारा बरा असतो. खरी काळजी पुढची, कारण सील फुटल्यावर तेलात काय मिसळले हे डोळ्यांना कळत नाही. 1998 साली दिल्लीत मोहरीच्या तेलात पिवळ्या धोत्र्याच्या बियांचे तेल मिसळले गेले. लोकांच्या पायांना सूज आली, धाप लागू लागली. हजारो आजारी पडले व साठाहून अधिक दगावले. 2006 च्या कायद्याखालील नियमांप्रमाणे, राज्याने सूट दिली नसेल तर, सुटे खाद्यतेल विकण्यास मनाई आहे.

आता पैशाची गोष्ट. एकदा एका व्यापाऱ्याने डबा बराच स्वस्त दिला. आम्ही खूश! घरी वजन केले तेव्हा उमगले की तो 15 किलोचा नसून 15 लिटरचा होता. लिटरभर तेल सुमारे 910 ग्रॅम भरते. म्हणजे डब्यात 13 किलो 650 ग्रॅम. दहा डब्यांमागे साडेतेरा किलोंचा फरक, जवळजवळ एक अख्खा डबाच! छापील मजकुरात काही खोटे नव्हते. आम्हीच वाचले नव्हते. तेव्हापासून भाव किलोवर काढूनच मागणी नोंदवितो. डब्यावरील चौदा आकडी परवाना क्रमांक, भरल्याची तारीख व तेलाचे नाव पाहतो. 'मिश्र तेल' असेल तर अ‍ॅगमार्क शोधतो. व्यापाऱ्याच्या पावतीवरही परवाना क्रमांक हवा, हा नियम 2022 पासून आहे. पावती नको म्हणणाऱ्याकडे आम्ही जात नाही, मग तो नात्यातला का असेना.

उरलेल्या तेलाबद्दल भगिनी विचारतात. वारंवार तापविलेल्या तेलात जे ध्रुवीय पदार्थ साठतात, त्यांचे प्रमाण 25 टक्क्यांवर गेले की ते तेल वापरू नये, असा नियम 2018 पासून आहे. ते मोजण्याचे यंत्र आमच्याकडे नाही. म्हणून पुऱ्यांचे तेल गाळून एकदाच फोडणीस घेतो. काळवंडले वा फेसाळले तर तेही नाही.

रिकामे डबे भोक पाडूनच भंगारात देतो. अखंड डब्यास चार पैसे अधिक मिळतात खरे, परंतु वापरलेल्या डब्यात पुन्हा खाद्यतेल भरण्यास बंदी आहे, आणि आमचा डबा कोणाच्या दुकानी पुन्हा भरला जाईल हे आम्हांस कळणार नाही.