हत्ती गेले, ‘खाना’ राहिला

विद्यानगराहून बेगमबाजाराकडे जाणाऱ्यास ‘फीलखाना’ हे नाव कानी पडते. तेथे आज दुकानांची दाटी आहे. हत्ती औषधालाही आढळणार नाही. परंतु ‘फील’ म्हणजे हत्ती व ‘खाना’ म्हणजे घर. निजामांच्या काळी हत्ती बांधण्याची ही जागा होती.

‘खाना’ हा मूळचा फारसी शब्द. मराठीत तो इतका रुळला की प्रत्ययाप्रमाणे दुसऱ्या शब्दांच्या अंती लागून त्यापासून अनेक स्थलवाचक नामे सिद्ध झाली. शिवकालीन राज्यव्यवस्थेत अठरा कारखाने सांगितले आहेत. त्यांपैकी बहुतेकांच्या नावांत हाच प्रत्यय आहे. जामदारखान्यात उंची वस्त्रे व मौल्यवान वस्तू असत, फरासखान्यात तंबू, कनाती व जाजमे, अंबारखान्यात धान्य, आबदारखान्यात पिण्याचे पाणी. दारूखाना ऐकून कोणी हसू नये. ती तोफा-बंदुकांची दारू!

यांतील काही शब्दांचा प्रवास मोठा मनोरंजक आहे. हत्तीस फारसीत ‘पील’ म्हणतात. अरबीत ‘प’ हा वर्ण नसल्यामुळे त्याचे ‘फील’ झाले. तेव्हा शिवकालीन पीलखाना आणि आपल्या शहरातील फीलखाना हे एकच होत. उष्टरखान्यातील ‘उष्टर’ हा संस्कृत ‘उष्ट्र’ शब्दाचा फारसी भाऊ. अरबी ‘मत्बख’ म्हणजे स्वयंपाकघर. मराठी मुखात त्याचे ‘मुदबख’ व पुढे ‘मुदपाक’ झाले. ‘पाक’ हा शब्द आपल्या ओळखीचा असल्याने ‘मुदपाकखाना’ हा परका शब्द जणू घरचाच होऊन बसला.

मग हे शब्द लोपले कसे? राजेरजवाड्यांचा थाट ओसरला, तंबू व हत्ती गेले आणि त्यांच्यासंगे शब्दही व्यवहारातून उठले. काही मात्र स्थळांच्या आश्रयाने तगले. पन्हाळगडावर अंबारखाना आहे व त्यातील गंगा, यमुना, सरस्वती ही कोठारे आजही उभी आहेत. मुंबईत दारूखाना आहे, तर पुण्यात फरासखाना हे पोलीस ठाण्याचे नाव झाले आहे.

प्रत्यय मात्र मेला नाही. दवाखाना व कारखाना आपण नित्य म्हणतो. पुढे मुद्रणकला आली तेव्हा ‘छाप’ या शब्दास हाच प्रत्यय लागला आणि ‘छापखाना’ तयार झाला.

विद्यार्थी मित्रहो, हैदराबादेतील मराठी मुलांस येथे एक विशेष सोय आहे. जो शब्द पुण्याच्या मुलास कोशात शोधावा लागतो, त्याचा अर्थ आपला उर्दूभाषी शेजारी उभ्या उभ्या सांगतो. अशी नावे ऐकाल तेव्हा त्यांचा अर्थ अवश्य विचारा आणि वहीत टिपून ठेवा. हुसेनी आलमजवळच्या कबूतरखान्यापासून आरंभ करण्यास हरकत नाही. तेथे निदान कबुतरे अजून आहेत!